डोंगर हिरवा दिसतोय, पण ते जंगल आहे का? सॅटेलाइटवरून रान, काजू आणि रबर वेगळं कसं काढायचं

प्रश्न थोडक्यात असा होता: गाव दोडामार्ग तालुक्यात, गेल्या दहाएक वर्षांत आजूबाजूचे डोंगर जेसीबी लावून साफ झाले, तिथे काजू आणि रबर उभं राहिलं, हे सगळं तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, पण सॅटेलाइटवरून केलेल्या जंगलाच्या नकाशात तो भाग अजून हिरवाच दाखवतात. मग नकाशा चुकीचा का, आणि फुकट मिळणाऱ्या इमेज वापरून आपल्याला हे तपासता येईल का, की महागडा डेटा विकतच घ्यावा लागतो. मी बरीच वर्षं हेच काम करतोय, जास्त करून कोकण आणि घाटमाथ्यावर, त्यामुळे जरा लांबलचक उत्तर होणार आहे पण शेवटपर्यंत वाचा, कारण यातल्या अर्ध्या गोष्टी ट्युटोरियलमध्ये येत नाहीत.

पहिलं म्हणजे नकाशा चुकीचा नाहीये, तो वेगळीच गोष्ट मोजतोय. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांनी जो अहवाल काढते (पहिला १९८७ चा) त्यात वनावरण कशाला म्हणायचं ते स्पष्ट लिहिलेलं असतं: १ हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा, वरून बघितलं तर त्यातला १० टक्के किंवा जास्त भाग झाडांच्या छत्रीने झाकलेला, बस्स. जमीन कोणाची, सातबाऱ्यावर काय लिहिलंय, झाड आंब्याचं की ऐनाचं, याच्याशी काही संबंध नाही. आमराई, काजूची बाग, रबर, माड, बांबू, सगळं त्यात बसतं. २०२३ च्या अहवालात देशाचं वनावरण ७,१५,३४३ चौरस किलोमीटर म्हणजे २१.७६ टक्के आलंय, आणि हा आकडा झाडांच्या छत्रीचा आहे, जंगलाचा नाही. त्यातही तीन वर्ग आहेत, छत्री ७० टक्क्यांच्या वर असेल तर अति घनदाट, ४० ते ७० मध्यम, १० ते ४० विरळ. आता काजूची नीट वाढलेली जुनी बाग घ्या, फांद्या एकमेकांत गेलेल्या असतात, खाली ऊन पडत नाही, म्हणजे छत्रीच्या हिशोबात ती चांगल्या रानाच्या बरोबरीने बसते. डोंगर तोडला की दोन-चार वर्षं आकडा खाली येतो, बाग मोठी झाली की परत वर जातो, आणि बेरीज-वजाबाकी केल्यावर हाती काहीच फरक लागत नाही. तुमच्या गावात नेमकं हेच होत असणार.

त्यात इमेजचा बारीकपणा आलाच. त्या अहवालासाठी आपल्याच लिस-३ सेन्सरचा डेटा वापरतात, त्याचा एक पिक्सेल २३.५ मीटरचा, म्हणजे साधारण साडेपाच गुंठे. अमेरिकेच्या लँडसॅटचा ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठ्यांच्या आसपास. युरोपच्या सेंटिनेल-२ चा १० मीटरचा पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर, जवळपास बरोब्बर एक गुंठा, आणि आपल्याकडच्या माणसाला समजवायला याच्याइतकं सोपं माप नाही, मी गावात नेहमी तसंच सांगतो की हा एक ठिपका म्हणजे तुमचा एक गुंठा. दोडामार्गातच बांबर्ड्याला ती पाणथळ राई आहे बघा, मायरिस्टिका स्वॅम्प, जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालेली, तिचं क्षेत्र फक्त २.५९ हेक्टर. लिस-३ मध्ये ती पन्नासेक पिक्सेलात संपते, आणि कडेचे पिक्सेल शेजारच्या जमिनीत मिसळलेले असतात ते सोडले तर हातात राहतात अजूनच कमी. १ हेक्टरच्या आतल्या छोट्या देवराया तर त्या व्याख्येत येतच नाहीत. म्हणून तालुक्याच्या पातळीवरचा प्रश्न देशपातळीच्या नकाशाला विचारू नका, तो त्या कामासाठी बनवलेलाच नाही.

आता मूळ अडचण. पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि जवळचा इन्फ्रारेड जोरात परत पाठवतं, या दोघांच्या फरकाला बेरजेने भागलं की एनडीव्हीआय मिळतो, आणि सगळे नवीन लोक तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. कारण एनडीव्हीआय हिरवेपणा सांगतो, आणि पानं एका मर्यादेपलीकडे दाट झाली की तो वर सरकायचाच थांबतो. नोव्हेंबरच्या इमेजमध्ये आंबोलीकडचं सदाहरित रान, त्याच्या खालची काजूची बाग आणि बांधावरची दाट झुडपं तिन्ही ०.८ च्या आगेमागे येतात. त्या एका आकड्यावरून तुम्ही कितीही भारी अल्गोरिदम लावा, मशीन लर्निंग लावा, हे तिघं वेगळे होणार नाहीत कारण माहितीच त्यात नाहीये.

म्हणून माझं या विषयातलं ठाम मत सांगतो. एका तारखेच्या इमेजला "हे काय आहे" असं विचारू नका. तोच डोंगर वर्षभर बघा आणि मग तीस वर्षं मागे जाऊन बघा, जंगल आणि बाग वेगळी होतात ती तिथे, नुसत्या रंगात होत नाहीत.

आधी वर्षभराचं बघू. कोकणात जून ते सप्टेंबर ढगांमुळे साध्या इमेजचा काही उपयोग नाही, ते चार महिने सोडून द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरला आकाश मोकळं होतं आणि सगळे लोक तीच इमेज उचलतात कारण ती स्वच्छ असते, सुंदर दिसते. पण तेव्हा गवतही हिरवं, रानमोडीही हिरवी, गेल्या मे महिन्यात बुलडोझर फिरलेला उतारसुद्धा एका पावसात उगवलेल्या तणाने हिरवागार झालेला असतो. साफ केलेला डोंगर उघडा दिसतो तो साधारण जानेवारी ते मे. आपल्याकडे कामाचा क्रमच तसा आहे ना, पाऊस संपून वाट सुकली की तोड, मग लाकूड बाहेर काढणं, फेब्रुवारी-मार्चला जाळणं, एप्रिल-मेमध्ये मशीन लावून टप्पे पाडणं आणि जूनला रोपं. म्हणजे ज्याला तोड पकडायचीय त्याने मार्च ते मे मधल्या इमेज बघायच्या. सरकारी अहवालासाठी ऑक्टोबर-डिसेंबरचा डेटा घेतात त्याला कारण आहे, तेव्हा पानझडी झाडांवरही पानं असतात आणि छत्री पूर्ण मोजता येते, त्यांच्या कामासाठी ते बरोबरच आहे, पण तुमच्या कामाला ती तारीख सोयीची नाही.

याच्या उलट, नुसती एप्रिलची इमेज घेतली तर दुसरा घोळ होतो. ऐन, किंजळ, नाना, साग यांची पानं मार्च-एप्रिलपर्यंत झडलेली असतात, त्यामुळे चांगलं पानझडी रान तपकिरी दिसतं आणि क्लासिफायर, म्हणजे पिक्सेलला वर्ग लावणारा प्रोग्राम, त्याला झुडपी किंवा पडीक म्हणून टाकतो, आणि त्याच वेळी शेजारची काजूची बाग मात्र हिरवी, म्हणजे नकाशात बाग जंगल आणि जंगल पडीक! हे मी पूर्ण झालेल्या, छापलेल्या नकाशांत बघितलंय. म्हणून कमीत कमी तीन वेळा हव्यात: नोव्हेंबर, जानेवारी-फेब्रुवारी आणि एप्रिल.

मधली जानेवारी-फेब्रुवारी कशासाठी, तर रबरासाठी. रबराची पानगळ डिसेंबर ते फेब्रुवारीत होते आणि ती सगळी बाग एकदम करते, कारण लागवड एकाच वयाची, बहुतेक ठिकाणी एकाच कलमाची. पानं पिवळी-तांबडी होतात, झडतात आणि काही आठवड्यांत नवीन कोवळी पालवी येऊन बाग परत हिरवी. आपलं रान असं कधी करत नाही, त्यात पंचवीस जातींची झाडं, प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं, त्यामुळे रानाचा हिरवेपणा हळूहळू उतरतो आणि हळूहळू चढतो. सेंटिनेल-२ ची दोन सॅटेलाइट मिळून दर पाच दिवसांनी एक इमेज देतात, तेव्हा डिसेंबर ते मार्च एका पिक्सेलचा आलेख काढला की रबर एखाद्या खड्ड्यासारखं अचानक खाली जाऊन वर येताना दिसतं आणि शेजारचं ऐन-किंजळीचं रान नुसतं हळूहळू उतरत जातं. दक्षिण-पूर्व आशियात रबराचे नकाशे काढताना हीच युक्ती वापरतात. फक्त लागवड नवीन असेल, पहिली तीन-चार वर्षं, तर छत्री भरलेली नसते आणि खालचं गवतच जास्त बोलतं, तेव्हा हा खड्डा विश्वासाने सापडत नाही.

काजू मात्र अवघड आहे, इथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. काजू सदाहरित, पावसानंतर नवी पालवी, मग मोहर, मग बी, पानगळ अशी नाहीच, त्यामुळे वर्षभराचा आलेख निम-सदाहरित रानासारखाच सपाट येतो. तरुण बाग ओळखता येते कारण एप्रिलमध्ये झाडांच्या मधली लाल माती दिसते आणि हाय रेझोल्युशन इमेजमध्ये ओळी दिसतात. जुनी बाग फसवते. थोडी मदत रेड-एज बँडची होते (बँड म्हणजे सेन्सर वेगळा मोजतो तो प्रकाशाचा एक ठराविक पट्टा; सेंटिनेल-२ मध्ये लाल आणि इन्फ्रारेडच्या मधले तीन बँड आहेत, २० मीटरचे) आणि थोडी टेक्स्चरची, कारण रानाचा माथा खडबडीत असतो, उंच झाडाची सावली बुटक्यावर पडते, बागेचा माथा एकसारखा. पण एवढ्यावर काजू आणि रान स्वच्छ वेगळं होईल असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडे तपासणीचे आकडे मागा.

काजूवर खरा उपाय म्हणजे मागची वर्षं. लावलेल्या बागेच्या इतिहासात कुठेतरी एक उघडं वर्ष असतंच, कारण जमीन साफ केल्याशिवाय अशी बाग लागत नाही. लँडसॅटचा डेटा १९७२ पासूनचा आहे, ३० मीटरचा उपयोगी डेटा १९८४ मध्ये लँडसॅट-५ सोडलं तेव्हापासूनचा, आणि २००८ पासून हा सगळा साठा फुकट आहे. दरवर्षीच्या फेब्रुवारी-मे मधल्या इमेज घ्या, प्रत्येक वर्षाची एक स्वच्छ एकत्रित इमेज बनवा (मीडियन म्हणजे मधला आकडा घ्या, सरासरीपेक्षा बरा, ढगाचे तुकडे आपोआप गळतात) आणि एनडीव्हीआयऐवजी एनबीआर काढा, म्हणजे जवळचा इन्फ्रारेड आणि लांबचा शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड बँड यांच्या फरकाला बेरजेने भागून येणारा आकडा. हा मूळ आगीसाठी बनवलेला निर्देशांक आहे पण तोडीला चांगला लागू पडतो कारण शॉर्टवेव्ह बँड पानातलं पाणी आणि उघडी माती दोन्ही ओळखतो. मग एका पिक्सेलची तीस वर्षांची रेघ काढा. सपाट, थोडी वरखाली होणारी रेघ असेल तर ते जुनं रान किंवा फारच जुनी बाग. एका वर्षी कड्यावरून पडल्यासारखी खाली आणि मग सहा-आठ वर्षांत परत वर चढलेली असेल तर तिथे तोड झाली आणि काहीतरी वाढलं. आता ते वाढलेलं काजू आहे की फुटवे आहेत हा पुढचा प्रश्न, कारण कोकणात खाजगी रानं सरपणाला, कोळशाला आणि लाकडाच्या ठेकेदाराला ठराविक वर्षांनी तोडायची रीत जुनी आहे, बुंधे राखले की ऐन-किंजळीला फुटवे येतात आणि रेघ परत चढते. फरक असा की फुटव्याच्या रानात बुंधे जिवंत असल्याने दुसऱ्या पावसातच हिरवळ जोरात येते, आणि जेसीबीने मुळासकट काढलेल्या उतारावर दोन-तीन उन्हाळे सलग उघडी माती दिसते. हा फरक मला सगळ्यात जास्त कामाला आलाय. गूगलच्या अर्थ इंजिनमध्ये (सॅटेलाइट डेटाची आकडेमोड ऑनलाइन करायची सोय) लँडट्रेंडर म्हणून तयार अल्गोरिदम आहे, तो हे तुटण्याचं वर्ष आपोआप काढून देतो, पण पहिले काही पिक्सेल हाताने आलेख काढून बघाच, नाहीतर तो काय करतोय ते कळत नाही.

तुमच्या भागात अजून एक कारण आहे इतिहास बघायला. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर बंदी घातली. सेंटिनेल-२ सुरूच झालं २०१५ ला, म्हणजे त्याच्यावरून बंदीच्या आधीचं काहीच कळणार नाही, आधी-नंतरची तुलना लँडसॅटवरच करावी लागेल. आणि तिथे एक खड्डा आहे, लँडसॅट-५ चं मुख्य काम २०११ च्या शेवटी थांबलं आणि लँडसॅट-८ आलं २०१३ ला, मधल्या २०१२ साठी फक्त लँडसॅट-७, ज्याच्या इमेजमध्ये मे २००३ पासून काळे पट्टे आहेत. म्हणून २०१२ एकट्याला आधारवर्ष धरू नका, २००९ ते २०११ मिळून धरा.

डेटातल्या काही गोष्टी पटापट सांगतो. सेंटिनेल-२ च्या डेटात २५ जानेवारी २०२२ पासून प्रत्येक आकड्यात १००० मिळवायला सुरुवात झाली, त्यामुळे आधीचा आणि नंतरचा डेटा तसाच जोडला तर २०२२ मध्ये सगळ्या तालुक्याची हिरवाई अचानक बदललेली दिसते आणि लोक त्याला जंगलतोड समजतात. अर्थ इंजिनमध्ये हार्मोनाइज्ड लिहिलेलं कलेक्शन घ्या, प्रश्न मिटतो, स्वतः डाउनलोड करत असाल तर १००० वजा करून मग १०,००० ने भागा. सावली: ही सॅटेलाइट सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास जातात, डिसेंबर-जानेवारीत सूर्य आग्नेयेला आणि खाली, त्यामुळे घाटाचे वायव्येकडचे उतार अंधारात असतात आणि सावलीतलं साधं रान घनदाट म्हणून मोजलं जातं. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर काम करताना हे कायम डोक्यात ठेवा. आणि मार्च ते मे मधला काळा डाग दिसला की लगेच जंगल जळलं म्हणू नका, भाताच्या रोपासाठी भाजावळ करतात, तेही तसंच दिसतं, फक्त आकाराने छोटं आणि सपाटीला, वस्तीजवळ.

इमेज डोळ्यांनी बघताना बँडची निवड बदला. नेहमीच्या फोटोसारख्या रंगात सगळं हिरवं एकसारखं दिसतं. सेंटिनेल-२ चे बी११ (शॉर्टवेव्ह), बी८ (जवळचा इन्फ्रारेड), बी४ (लाल) असे तीन बँड लाल, हिरवा, निळा या जागी टाका आणि एप्रिलची इमेज उघडा. दाट रान गडद हिरवं, काहीसं मळकट, आतून दाणेदार. बाग उजळ, पोपटीकडे झुकणारी, कडा सरळ. नुकताच साफ केलेला उतार गुलाबी-जांभळट, आणि त्यात टप्पे पाडले असतील तर सेंटिनेलच्या १० मीटरमध्ये टप्पे दिसत नाहीत पण डोंगरावर नागमोडी चढत जाणारा नवीन रस्ता दिसतो, जेसीबी वर न्यायला केलेला. तो रस्ता तोडीच्या आधी येतो. मी कुठल्याही नवीन भागात आधी ते रस्ते शोधतो.

पावसाळ्याचं काय, तर त्यासाठी रडार. सेंटिनेल-१ ढगातून बघतं, पण त्याची लहर साडेपाच सेंटिमीटरची, ती पानांवर आणि बारीक फांद्यांवरूनच परत येते, दाट छत्रीच्या आत जात नाही, त्यात आपले उभे उतार आणि पावसाने भिजलेली पानं, त्यामुळे कोकणात त्याचा निकाल मला कधी फार समाधानकारक वाटला नाही. सपाट प्रदेशात ते खूप चांगलं चालतं. आता इस्रो आणि नासाचं निसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलंय, त्यात एल-बँड आहे, २४ सेंटिमीटरची लहर, ती पानं ओलांडून फांद्या-खोडापर्यंत पोचते, आणि दर १२ दिवसांनी तीच जागा. जंगलासाठी याच्याकडून अपेक्षा ठेवण्यासारखी आहे, कारण काजूचं बुटकं पसरट झाड आणि ऐनाचं उंच सरळ खोड हा फरक एल-बँडला कळायला हवा. पण तिथेही फार दाट रानात लाकडाचं वजन एका मर्यादेनंतर मोजता येत नाही हे लक्षात ठेवा. उंचीसाठी नासाचं गेडी आहे, अंतराळ स्थानकावर बसवलेलं लेझर, २५ मीटर व्यासाच्या ठिपक्यात झाडांची उंची देतं. सलग नकाशा मिळत नाही, ठिपकेच मिळतात, आणि तीव्र उतारावर उंची फुगते, तरी तुमच्या तालुक्यातल्या सपाट माथ्यांवरचे ठिपके काढून बघा, बाग आणि रान यांच्या उंचीतला फरक समजायला तेवढे पुरतात.

तयार नकाशे वापरू का, असंही तुमच्या मनात येईल. वापरा, पण ते काय मोजतात ते वाचून. वर्ल्डकव्हर आणि डायनॅमिक वर्ल्ड दोन्ही १० मीटरचे, दोन्हीत वर्ग आहे "झाडं", त्यात बाग आणि रान एकत्रच. मेरीलँड विद्यापीठाचा जागतिक नकाशा २००० पासून दरवर्षी झाडं कुठे गेली ते सांगतो, उपयोगी आहे, पण जुनं रबर तोडून नवीन लावलं तरी तो तोडच दाखवतो, आणि त्यांची पद्धत मधे सुधारत गेल्यामुळे सुरुवातीची वर्षं आणि नंतरची वर्षं शेजारी ठेवून "तोड वाढली" असं म्हणता येत नाही. आणि या सगळ्या नकाशांचा कोकणातला एक दोष मला मनापासून खटकतो तो म्हणजे सडे. जांभ्या दगडाचा उघडा कातळ उन्हाळ्यात या अल्गोरिदमना कधी पडीक वाटतो, कधी चक्क बांधकाम वाटतो, आणि पावसाळ्यात त्याच सड्यावर फुलांचा आणि डबक्यांचा जो संसार उभा राहतो तो ढगांखाली राहून जातो. नकाशात "पडीक" छापलं गेलं की त्या जमिनीवर काहीही आणायला कोणाची हरकत राहत नाही. म्हणून तुमच्या नकाशात सड्याला स्वतंत्र वर्ग द्या, ही माझी विनंती समजा.

आता पायी करायचं काम, आणि हे टाळलं तर बाकी सगळं वाया. प्रत्येक वर्गाचे निदान पन्नासेक बिंदू जागेवर जाऊन घ्या: रान, फुटव्याचं रान, जुना काजू, नवा काजू, रबर, माड-पोफळी, आंबा, सडा, शेती. मोबाइलचा जीपीएस उघड्यावर चार-पाच मीटर चुकतो, झाडाखाली त्याहून बराच जास्त, म्हणून कडेला उभं राहून बिंदू घेऊ नका, तुकड्याच्या आत तीसेक मीटर जा. चारी दिशांचे फोटो काढा, तारीख लिहा आणि मालकाला किंवा गड्याला एकच प्रश्न विचारा, ही लागवड कुठल्या साली केली आणि त्याआधी इथे काय होतं. ते उत्तर तुमच्या तीस वर्षांच्या रेघेशी ताडून बघता येतं, आणि गावातली म्हातारी माणसं साल आठवताना कधी मुलीचं लग्न, कधी तिलारीच्या धरणाचं काम असा संदर्भ देतात, तो लिहून ठेवा, बहुतेक वेळा एक-दोन वर्षांच्या आत जुळतो. रस्त्याकडेचेच बिंदू घेतले तर नकाशा रस्त्याकडेचाच होतो, आतल्या वाड्यांतही जा. आणि प्रोग्रामला शिकवायचे बिंदू आणि तपासायचे बिंदू वेगळ्या तुकड्यांतून घ्या, एकाच बागेतले निम्मे इकडे निम्मे तिकडे केले तर अचूकता ९५ टक्के येते आणि ती काही कामाची नसते.

तपासणी म्हणजे काय ते एका उदाहरणाने दाखवतो, आकडे नुसते समजण्यासाठी आहेत. समजा तुमच्या नकाशात १००० हेक्टर रान आणि १००० हेक्टर काजू आला. रान दाखवलेल्या भागातले १०० बिंदू मनाला येईल तसे नाही तर कॉम्प्युटरने यादृच्छिक निवडून तपासले, त्यातले २२ काजू निघाले. काजू दाखवलेल्या भागातले १०० तपासले, त्यातले ८ रान निघाले. म्हणजे खरं रान १००० नाही, ७८० अधिक ८०, म्हणजे ८६० हेक्टरच्या आसपास. पिक्सेल मोजून १००० छापणं आणि तपासून ८६० सांगणं यात १४० हेक्टरचा फरक आहे, आणि तुमच्या गावात तोडलेलं एकूण रानच कदाचित तेवढं असेल. बदलाचा नकाशा करताना तर हे दुप्पट महत्त्वाचं, दोन चुका असलेले नकाशे एकमेकांतून वजा केले की येणाऱ्या बदलात चुकाच जास्त असतात, त्यापेक्षा बदल हाच एक वर्ग धरून थेट शोधा.

एक सावधगिरी. तुमच्या भागातली पुष्कळशी रानं खाजगी मालकीची आहेत, आणि सॅटेलाइटला मालकी दिसत नाही, परवानगी होती की नव्हती तेही दिसत नाही. इमेजवर गट नंबरचा नकाशा चढवला तर तो काही वेळा वीस-तीस मीटर सरकलेला असतो, उतारावर जास्तच, त्यामुळे अमक्याने तोडलं असं इमेजवरून जाहीर करू नका. इमेज सांगते की या जागी, या दोन तारखांच्या मधे झाडं गेली. तक्रार करायची असेल तर एवढंच लिहा, तारखा आणि अक्षांश-रेखांश द्या आणि पंचनाम्याची मागणी करा. गावात राहायचं आहे, आणि काजू लावणारा शेतकरी हा काही गुन्हेगार नाही, त्याला रान राखण्यापेक्षा काजूचे पैसे दिसतात कारण रान राखल्याचे त्याला कोणी देत नाही. तुमच्या नकाशातून हेही मांडता आलं तर मांडा, की कुठलं रान अजून उभं आहे आणि ते कोणी राखलंय.

राहिला पैशांचा प्रश्न. विकतचा डेटा आत्ता नको. गूगल अर्थ प्रो फुकट आहे, त्यात जुन्या तारखांची पट्टी ओढली की हाय रेझोल्युशन इमेजमध्ये काजूच्या ओळी मोजता येतात, तिथूनच सुरुवात करा. मग कोपर्निकस ब्राउझर, म्हणजे सेंटिनेलच्या इमेज बघायची युरोपची वेबसाइट, साधा ब्राउझर आणि बरं इंटरनेट पुरतं, त्यात बी११-बी८-बी४ लावून एप्रिलच्या इमेज वर्षागणिक बघा. ते अंगवळणी पडलं की अर्थ इंजिन, बिनव्यापारी कामाला फुकट, सगळी आकडेमोड त्यांच्या सर्व्हरवर होते त्यामुळे जुना लॅपटॉपही चालतो. आपल्या लिस-३ चा डेटा एनआरएससी या इस्रोच्या केंद्राच्या भूनिधी वेबसाइटवर मिळतो. नकाशा नीट मांडायला क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर. आणि पूर्ण तालुका घेऊ नका, आधी एकच ओढा घ्या, उगमापासून खालपर्यंत, दोन्ही बाजूंच्या उतारांसकट, जिथला प्रत्येक तुकडा तुम्हाला पायाखालचा आहे. त्याचा नकाशा जमला की बाकीचा तालुका म्हणजे फक्त वेळ आणि बिंदू. रबराचे बिंदू मात्र डिसेंबरच्या आत घेऊन ठेवा, म्हणजे पानगळ सुरू झाली की पहिल्याच स्वच्छ इमेजपासून आलेख जुळवता येईल.